दारापासून दारापर्यंत

परवा एक बाई माझ्या स्टुडिओत आल्या. फोटो काढायचा नव्हता. शेजारच्या बंद शटरकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इथल्या त्या वेळ सांगणाऱ्या बाई कुठे गेल्या हो?"

तिकिटवाल्या बाई असं त्या म्हणाल्या नाहीत. पनवेलच्या बाजारात हिराताई घरतांना बरेच जण असंच ओळखायचे. पाटीवर 'विमान, रेल्वे व एस. टी. तिकिटे' असं लिहिलेलं असायचं. तिकिटं त्या काढूनही द्यायच्या, पण लोक खरे यायचे ते विचारायला. अमुक ठिकाणाहून निघालेला माणूस अमुक ठिकाणी कधी पोचेल, एवढंच त्यांना हवं असायचं.

माझं दुकान पासपोर्ट फोटोंचं, त्यांचं तिकिटांचं, त्यामुळे गिऱ्हाईक बहुतेक एकच. मधली भिंत पत्र्याची असल्याने त्यांचं बोलणं मला आणि माझं त्यांना दिवसभर ऐकू यायचं. एकवीस वर्षांत त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. मी 'फोटोवाले'. मला वाटतं, माझं आडनाव त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

हिराताई मूळच्या गव्हाणच्या. वडील मिठागरावर. दहावीनंतर मुंबईला एका ट्रॅव्हल कंपनीत कागदी तिकिटं लिहायला लागल्या, आणि पंधरा वर्षांनी ती कंपनी बंद पडल्यावर पनवेलला येऊन स्वतःचं टेबल मांडलं. लग्न केलं नाही. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. बांधा बुटका, आवाज खणखणीत, साडी नेहमी सुती, आणि बोलणं अस्सल गावचं. समोर कंपनीचा साहेब असो की उलव्याचा बिल्डर, "आमी", "तुमी", "हाय", "नाय" यांत फरक पडत नसे.

त्यांच्या दुकानात विमानाचं एकही चित्र नव्हतं. भिंतीवर भरती-ओहोटीचं कोष्टक, उरणजवळच्या मोरा बंदरातल्या लाँचच्या वेळा आणि एस. टी.चं वेळापत्रक. टेबलावर पृथ्वीचा गोल, त्याला गुंडाळलेला काळा दोरा. कोणी दोन गावांमधलं अंतर विचारलं की त्या दोरा गोलावर ताणायच्या, मग तो पट्टीवर धरून मनात गुणाकार करायच्या. आकडा यायचा तो जवळजवळ बरोबर. नकाशावर का मोजत नाही, असं मी एकदा विचारलं.

"नकाशा चपटा हाय. दुनिया चपटी हाय का?"

पण दोऱ्याने निघालेलं अंतर त्या गिऱ्हाइकाला हौसेपुरतंच सांगायच्या. त्यांचा खरा हिशेब वेगळा होता. विमान किती वाजता सुटतं आणि किती वाजता उतरतं याला त्यांच्या लेखी फार किंमत नव्हती. घरातून निघून रिक्षा मिळेपर्यंत किती, विमानतळावर रांग किती, मधे दुसऱ्या विमानासाठी बसून राहणं किती, उतरल्यावर बॅग यायला किती, पुढे जीप कुठपर्यंत जाते आणि मग चालायचं किती, हे सगळं धरून त्या वेळ सांगायच्या. "दारापासून दारापर्यंत," असं त्याला म्हणायच्या.

एकदा नवीन पनवेलचे एक निवृत्त अधिकारी आले. मुलगी हुबळीला नोकरीला, जावई लष्करात, दिमापूरला. मुलीने शनिवारी जाऊन रविवारी परत यावं, असं त्यांचं म्हणणं. मुलगी म्हणते, जमत नाही. तिच्या न जाण्यामागे दुसरंच काही कारण आहे, असा त्यांना संशय. त्यांनी फोनमध्ये शोधून आणलं होतं, हुबळी विमानतळ ते दिमापूर विमानतळ, सुमारे साडेबावीसशे किलोमीटर, उड्डाणाची वेळ पावणेतीन तास.

"पावणेतीन तासांना काय होतंय?" ते म्हणाले. "पुण्याला जायला कधी कधी तेवढे लागतात."

हिराताईंनी दोरा ताणून बघितला. "अंतर बरोबर हाय. आता मना सांगा, हुबळीवरून दिमापूरला विमान कोन नेतं? तुमी?"

"म्हणजे?"

"सरळ विमान नाय. फोननं दोन गावं घेतली आनि मधी रेघ मारली. त्या रेघेवरून कावळासुद्धा जात नाय." मग त्यांनी कागद ओढला आणि लिहीत गेल्या. हुबळीहून बंगळूर, तिथे बसणं, बंगळूरहून कोलकाता, तिथे परत बसणं, मग दिमापूर, मग छावणीपर्यंत गाडी. "चौदा तास, सगळं वेळेवर झालं तर. जायला चौदा, यायला चौदा. नवरा-बायकोनं एकमेकांना बघायचं कवा?"

साहेबांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. जाताना म्हणाले, "मी तिला बरंच बोललो हो."

"मंग फोन लावा," हिराताई म्हणाल्या. "तो पोचायला वेळ लागत नाय."

समोरच्या गल्लीत रफिकभाईंचं ऑफिस होतं. त्यांचं काम मोठं, आखातात जाणाऱ्या लोकांचं. धंद्याच्या दृष्टीने दोघं एकमेकांचे स्पर्धक, पण अवघड प्रवास आला की रफिकभाई माणूस हिराताईंकडे पाठवायचे. "हिराबाजींनी वेळ सांगितली की मी घड्याळ बघत नाही," ते मला म्हणायचे; बाजी म्हणजे त्यांच्याकडे थोरली बहीण. "इन्शाल्ला माणूस त्याच वेळेला दारात. आमच्या कंप्युटरला गुवाहाटीचं धुकं कळत नाही, बाजींना कळतं." ते कसं कळतं, हे मी विचारलं तेव्हा हिराताई म्हणाल्या की मिठागरावर वाढलेल्या माणसाला यात नवल नाही. पाणी किती वाजता येणार हे कोष्टकात असतं, पण खाडीत गाळ किती, वारा कुठला, हेही बघावं लागतं, नाहीतर बांध फुटतो.

त्या स्वतः एकदाच विमानात बसल्या होत्या, जुन्या कंपनीच्या कामासाठी. कसं वाटलं, असं मी मोठ्या उत्सुकतेने विचारलं होतं.

"खिडकीतून कापूस दिसला. मंग झोप लागली."

हे सगळं गमतीचं. पण हिराताई म्हटलं की मला आठवतात ते गव्हाणमधले दोन दिवस, सात-आठ वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतले.

सकाळी आठच्या सुमाराला मी शटर उघडत होतो. शेजारी हिराताई फोनवर होत्या. त्यांच्या गावातले धर्मा म्हात्रे पहाटे वारले होते. घर हिराताईंच्या घराला लागून, जाणं-येणं रोजचं. धर्मांचा एकुलता एक मुलगा नितेश अरुणाचलात एका पुलाच्या कामावर वेल्डर होता. फोनवर तोच होता. पत्र्याच्या भिंतीतून मला हिराताईंची बाजू ऐकू येत होती.

"रडू नको. आधी सांग, जीप हाय का? ... मंग नीघ. दिब्रुगडला पोचशील तवा संध्याकाळचे सहा वाजले असतील. विमान गेलेलं असंल. रात्री तितंच रहा, मी लॉज सांगते. उद्या सकाळचं पयलं विमान, कोलकात्याला बदलायचं, मुंबईला तीनला. मी गाडी घेऊन येते. घरी पाच. उद्या संध्याकाळी पाच. समजलं? घरी मी सांगते, तू फोनची बॅटरी जपून ठेव."

दहा मिनिटांत त्यांनी तिकिटं काढली. मग माझ्या दारात आल्या. धर्मांचा एक जुना पासपोर्ट फोटो माझ्याकडे होता, तो मोठा करून फ्रेम करून द्यायचा होता. अकराच्या सुमाराला मी फ्रेम घेतली, त्या माझ्या स्कूटरवर मागे बसल्या आणि आम्ही गव्हाणला निघालो.

 वाटेत त्या एकदम म्हणाल्या, "माझा भाऊ दुबईला व्हता. बाबा गेलं तवा गावकीनं मना इचारलं, शरद कवा येल. मी बूथवरून फोन लावून आले आनि खरं सांगितलं. दोन दिवस. त्यांनी दुपारीच उचललं."  त्यांचा तो भाऊ त्यांच्याशी नंतर कधीच बोलला नाही, हे मला रफिकभाईंकडून पुढे समजलं. आल्यावर त्याला फक्त राख दिसली होती, आणि बाबांना थांबवून ठेवणं बहिणीच्या हातात होतं असं त्याने धरून ठेवलं होतं.

म्हात्र्यांच्या अंगणात गाव जमलं होतं. धर्मांची बायको गंगूबाय ओट्याच्या कडेला भिंतीला टेकून बसली होती. सत्तरीची, किडकिडीत, साखरेचा आजार असलेली. मी फ्रेम कोणाच्या तरी हातात दिली आणि बाजूला उभा राहिलो. गावकीचे जुने पंच नामाकाका भोईर पुढे आले.

"हिराबाय, नितेश कवा पोचतंय?"

सगळं अंगण त्यांच्याकडे बघू लागलं. मला उत्तर माहीत होतं. उद्या संध्याकाळी पाच.

"आज रात्री आठ," हिराताई म्हणाल्या.

त्यांनी ते ज्या आवाजात सांगितलं तो मी रोज ऐकत होतो. हुबळी-दिमापूरचे चौदा तास त्यांनी याच आवाजात सांगितले होते. नामाकाकांनी क्षणभर विचार केला. उद्या म्हटलं असतं तर ते थांबले नसते, पुतण्याच्या हातून विधी झाला असता. रात्रीचे आठ म्हणजे थांबण्यासारखं होतं.

"मंग थांबू," ते म्हणाले. "पोरगा एकच हाय."

बर्फाचं हिराताईंनी येतानाच बघून ठेवलं होतं. उरणच्या बाजूला मासळीसाठी बर्फ करणारा कारखाना आहे, तिथून टेंपो मागवला होता. कोणीतरी म्हणालं, पनवेलच्या हॉस्पिटलात थंड पेटी असते, तिथे ठेवू. नामाकाकांनी मान हलवली. एकदा घरातून नेलेला माणूस परत घरात आणायचा नाही. तेव्हा लाद्या भुशातून काढून धुतल्या आणि ओटीवर रचल्या.

परत येताना मी स्कूटर चालू करायच्या आधी विचारलं, "ताई, आठ?"

"तुमी फोटो काढा, फोटोवाले," त्या म्हणाल्या. मी पुढे काही बोललो नाही. त्या खोट्यात तेवढा भाग माझाही आहे.

हिराताई त्या रात्री घरी न जाता दुकानातच राहिल्या; संध्याकाळी त्यांनी गावात फोन केला, विमान चुकलं, आता सकाळी येईल. सकाळी केला, उशीर झालाय, दुपारपर्यंत. प्रत्येक वेळी थोडंसंच पुढे. आता आलाच, या आशेवर लोक बसून राहिले. हिराताई दुपारी गाडी घेऊन मुंबईच्या विमानतळावर गेल्या.

त्यांनी सगळं मोजलं होतं. एक मोजलं नव्हतं. मयत घरात असताना घरच्यांनी जेवायचं नाही, ही गावची पद्धत. नितेश रात्री येणार म्हणून गंगूबायने पहिल्या दिवशी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. सकाळी येणार म्हणून सकाळी नाही. दुपारी येणार म्हणून दुपारी नाही. शेजारणींनी चहा पुढे केला तर म्हणायची, "पोरगं आता येलच." दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमाराला ती बसल्या जागी कलंडली. तिला रिक्षात घालून पनवेलला दवाखान्यात नेलं आणि सलाइन लावलं.

नितेशची गाडी बरोबर पाच वाजता अंगणात आली; मीही स्टुडिओ बंद करून तिथे पोचलो होतो. त्याने बापाच्या पायावर डोकं ठेवलं. मग विचारलं, "आई कुठाय?"

कोणीतरी सांगितलं. थांबा, तिला घेऊन येतो, असं तो म्हणाला, पण बर्फ संपत आला होता, दिवस मावळत होता, दुसरी रात्र कोणाला नको होती. सहा वाजता धर्मांना उचललं. त्यांची बायको तेव्हा पनवेलमध्ये पलंगावर डोळे मिटून पडली होती.

स्मशानातून परतल्यावर नितेशच्याच तोंडून ते निघालं. बिचारा हिराताईंचं कौतुक करत होता. "हिरामावशी काल सकाळीच बोलली व्हती, उद्या पाचला पोचशील. पाच म्हंजे पाच!"

नामाकाकांनी कालची सकाळ आणि कालचे आठ हे जोडून पाहिलं. हिराताई अंगणातच उभ्या होत्या. नाही म्हणाल्या नाहीत. नामाकाका ओरडले नाहीत, ते मला जास्त अवघड वाटलं. एवढंच म्हणाले, "तू आपली म्हनून इचारलं व्हतं, हिराबाय."

गंगूबाय चार दिवस दवाखान्यात होती. हिराताई दोन्ही वेळा डब्यात पेज घेऊन जायच्या. पहिल्या दिवशी गंगूबायने तोंड भिंतीकडे केलं. दुसऱ्या दिवशी मी बरोबर होतो, डबा धरायला. त्या दिवशी ती बोलली.

"पोराला बाप दिसला. चांगलं केलंस. मी नाय म्हनत नाय."

हिराताई पेज ढवळत राहिल्या.

"पन मना कानात सांगायचं व्हतं, हिरा. उद्या येतंय म्हनून. मी कोनाला बोलले नसते. दोन घास खाऊन घेतलं असतं, आनि मंग त्यांच्याजवळ बसले असते शेवटपर्यंत."

हिराताईंनी चमचा तिच्या तोंडाशी नेला. पेज चादरीवर सांडली. गंगूबायनेच मग त्यांच्या हातातून वाटी घेतली आणि स्वतः प्यायली.

गावाने हिराताईंना वाळीत वगैरे टाकलं नाही. गव्हाणहून लोक पूर्वीसारखेच यायचे, फक्त टेबलाशी बसताना एखादा म्हणायचा, "बाय, खरी वेळ सांग हां. म्हात्र्यांची नको." हिराताई हसायच्या नाहीत, रागवायच्याही नाहीत. त्यांच्यात एक बदल झाला. तोंडी वेळ सांगणं त्यांनी बंद केलं. कागदावर लिहून, खाली सही करून द्यायला लागल्या. आणि जी माणसं कोणाची तरी वाट बघत थांबणार असतील, त्यांना कागद देताना म्हणायच्या, "एकवीस तास. तवर जेवून घ्या."

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते विचित्र वाटायचं. एकदा परदेशातून मुलगी बाळंतपणाला येणार म्हणून आनंदात आलेल्या एका जोडप्यालाही त्यांनी तेच सांगितलं. ती दोघं एकमेकांकडे बघायला लागली. मी पत्र्याच्या अलीकडे होतो. मला हसू आलं नाही.

पुढे नवं विमानतळ झालं. गव्हाण-उलव्याच्या डोक्यावरून विमानं जायला लागली, आणि लोक तिकिटं फोनवरच काढू लागले. हिराताईंकडे येणारे कमी होत गेले. त्यांनी तक्रार केली नाही. एक दिवस शटर ओढलं, टेबल-खुर्ची रफिकभाईंना देऊन टाकली आणि मला म्हणाल्या, "भिंतीला आता खिळे मारलेत तरी चालंल, फोटोवाले. पलीकडं कोन नाय." आता त्या गव्हाणलाच असतात, भाचीकडे.

परवा आलेल्या त्या बाईंना मी एवढंच सांगितलं, की त्यांनी दुकान बंद केलं, गावी असतात. त्या म्हणाल्या, "फोन आहे का?" नंबर दिला. लागतो की नाही, माहीत नाही.

मी हिराताईंना शेवटचं पाहिलं ते गेल्या थंडीत, गव्हाण फाट्यावर. मी उरणहून एका लग्नाचे फोटो काढून परतत होतो. रस्त्यावर डंपरची रांग लागलेली, धुळीने समोरचं नीट दिसत नव्हतं. रांगेच्या पुढे, रस्त्याच्या कडेला हिराताई उभ्या होत्या, हातात कापडी पिशवी, तिच्यातून मुळ्याचा पाला बाहेर आलेला. रस्ता ओलांडायला त्यांना फट मिळत नव्हती. थोडा वेळ वाट बघून त्यांनी डावा हात सरळ वर केला आणि चालायलाच लागल्या.

पहिल्या डंपरने करकचून ब्रेक मारला. त्याच्या मागचे थांबले. रस्त्याच्या मधोमध त्यांच्या चपलेचा अंगठा निसटला. त्या तिथेच थांबल्या, वाकल्या आणि एका हाताने चप्पल नीट करू लागल्या. दुसरा हात तसाच वर. मी "हिराताई!" अशी हाक मारली, पण हॉर्नच्या आवाजात ती कुठली पोचायला. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ओरडत होता. त्यांनी सावकाश अंगठा बसवला, साडीच्या निऱ्या झटकल्या, आणि मग पलीकडच्या गल्लीत निघून गेल्या.